कमलाक्षीबाईंचे शुक्रवार

शनिवारी सकाळी नाट्यगृहाचं दार उघडलं, तेव्हा कमलाक्षीबाईंचा संगमरवरी अर्धपुतळा जागेवर नव्हता. तंजावूरची रंगभूमी गाजवून त्या गेल्याला अकरा वर्षं झाली होती. कुलूप शाबूत होतं, किल्ली एकट्या पहारेकरी शेषाद्रीकडे. बाईंचा भाचा अमरसिंह याने त्याच्याविरुद्धच तक्रार दिली होती. पुतळा सापडला नाही, तर संध्याकाळी शेषाद्रीला अटक होणार होती.

इन्स्पेक्टर शिवराज रिकाम्या चौथऱ्यापाशी बसले. त्यांची वाट पाहणारं घरी कुणी नव्हतं. रिकाम्या जागा त्यांच्याशी लवकर बोलत. पांढऱ्या दगडावर तेलाची पिवळट वर्तुळं होती, एकात एक, झाडाच्या खोडातल्या वर्षांसारखी. फटीत शिकेकाईचे कण.

"तुमच्या केसांना तेल आहे," ते अमरसिंहाला म्हणाले.

"शनिवार आहे, सर. पुरुषांनी तेल लावून आज नाही न्हायचं तर केव्हा?"

"यापूर्वी इथं कधी आला होता?"

"आत्याच्या तेराव्याला. आता सोमवारी चेन्नईचे संग्रहालयवाले पुतळा नेणार होते, म्हणून आलो."

शेषाद्री खांबाला टेकून उभा होता.

"काल आत कोण होतं?"

"कृष्णवेणी अक्का. बाईंना नेसवणारी. मागच्या खोलीतच राहते. शुक्रवारी दुपारी मी लेकीकडे पापनाशमला जातो. पाचला येऊन बाहेरूनच कुलूप घातलं. पण सत्तरीची म्हातारी चाळीस किलो उचलील काय, सर? मलाच न्या."

रंगपटात कृष्णवेणी साड्यांच्या घड्या घालत होती. बाकावर केसांचे टोप चढवलेली पाच डोकी ओळीनं मांडलेली. चौघांवर धूळ. पाचवं खांद्यापर्यंत रेशमात गुंडाळलेलं, टोपात ताजा गजरा. शेजारी चाकांची पोशाखपेटी, चौथऱ्याच्या आणि बाकाच्याच उंचीची.

"बाकीच्यांना गजरा नाही, अक्का?"

"त्या नाटकातल्या दासी. दासींना कोण माळतं?"

शिवराजांनी अमरसिंह आणि शेषाद्रीला आत बोलावलं.

"पुतळा बाहेर गेलाच नाही. ती वर्तुळं कित्येक वर्षांची आहेत. अमरसिंह तेव्हा इथं फिरकलेही नव्हते. दिव्याचं तेल सांडलं म्हणावं, तर दिव्याला शिकेकाई लागत नाही. कुणीतरी या दगडाला न्हाऊ घालत होतं. बायकांचं न्हाणं शुक्रवारी. नेमका तेव्हा शेषाद्री नसतो. आणि पेटी चौथऱ्याला भिडवली, की पुतळा उचलावा लागत नाही. तेलकट दगड रेशमावरून सरकतो."

त्यांनी पाचव्या डोक्यावरचा टोप उचलला, रेशीम सोडलं. खालचा चेहरा हळदीसारखा पिवळा होता.

"देवळातली काळी मूर्ती तेलानं उजळते, अक्का. संगमरवर तेल पितो."

"मला वाटलं, रंग येतोय," कृष्णवेणी म्हणाली. "पांढरी ती कधी नव्हती. तीस वर्षं तिच्या डोक्याला मीच तेल घातलं. चेन्नईत कोण घालणार?"

"आणि शेषाद्री तुरुंगात गेला असता?"

तिची मान खाली गेली. "सोमवार टळला की सांगणार होते."

शेषाद्री तिच्यापासून जरा दूर सरकून उभा राहिला.

अमरसिंहानं पुतळ्याच्या गालावरून बोट फिरवलं. "हे निघेल?"

"आत मुरलंय. कठीण दिसतं."

"मग ते नेणार नाहीत." त्यानं तक्रार मागून घेतली, फाडली. "राहू दे आत्याला इथंच."

"पण तेल बंद," शिवराज म्हणाले.

कृष्णवेणीनं मान डोलावली. मग तिनं आपल्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"मग शुक्रवारी मी करू काय?"

शिवराज निघाले होते. ते मागे फिरले आणि पेटीवर बसले.