मेन कुणी लावला?

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल पुढे जा. मी स्वतः कम्प्युटर दुरुस्त करतो, भूतबित मानणाऱ्यातला नाही.

हे मी मोबाईलवर टाइप करतोय. घरात कम्प्युटर असताना मोबाईलवर का, ते शेवटी कळेल.

मे महिन्यातला रविवार. दुपारचे साडेतीन. लालबागमधली आमची जुनी चाळ, दुसरा मजला.

मी आता माहीमला राहतो. चाळ सोडून पंधरा वर्षं झाली. तिथे परत जायचं मी कायम टाळत आलो. पण शंतनुचा फोन आला.

"स्वप्नीलदादा, पीसी सारखा रीस्टार्ट होतोय रे. फक्त गेम लावला की. बाकी एकदम ओके."

शंतनु म्हणजे दत्तारामकाकांचा मुलगा. काका गेले तेव्हा तो दीड वर्षाचा होता. त्याला नाही कसं म्हणणार?

दत्तारामकाका गिरणीत वायरमन होते. गिरणी बंद पडल्यावर चाळीची सगळी कामं तेच करायचे. त्यांची एक पद्धत होती. जिन्याखालचा मेन स्विच पाडण्याआधी टेस्टरने बोर्डावर तीनदा ठोकायचे.

टक. टक. टक.

मग ओरडायचे, "हात काढा!" अख्खी चाळ चालू वस्तूंवरचे हात काढायची. काम संपलं की परत आवाज यायचा, "लावतो रे!" आणि मगच मेन वर. कितीही घाई असो, ही हाक चुकली नाही.

तरीही काका शॉक लागून गेले. लोक म्हणाले, घाईत स्वतःच मेन लावला आणि उघड्या वायरला हात घातला. निष्काळजीपणा, दुसरं काय. काकांच्या नावाला तो डाग चिकटला तो चिकटलाच.

असो.

शंतनुचा पीसी मी उघडला. आत धुळीची गादी. ती साफ केली, प्रोसेसरची पेस्ट बदलली, रॅम काढून परत बसवली. दुकानातला नवा पॉवर सप्लाय सोबत नेला होता, तो लावला. तापमान बघितलं, बासष्ट. उत्तम.

"लाव गेम," मी म्हटलं.

शंतनुने कानाला हेडफोन लावले. गेम सुरू झाला. दहा मिनिटं झाली... वीस झाली... मी मनातल्या मनात माझीच पाठ थोपटली.

आणि मग...

टक. टक. टक.

भिंतीमागून. पॅसेजच्या बाजूने.

स्क्रीन काळी झाली.

पंखा फिरत होता. ट्यूब चालू होती. आत स्वयंपाकघरात मिक्सर घरघरत होता. फक्त पीसी गेला होता.

"बघ! असंच होतं!" शंतनु वैतागला. त्याने काहीच ऐकलं नव्हतं.

मी पॅसेजमध्ये जाऊन बघितलं. भर दुपार. कुणी नाही.

परत आलो तेव्हा माझं लक्ष स्वयंपाकघराकडे गेलं. शंतनुची आई, मीनाक्षीकाकी, खोबऱ्याचं वाटण करत होत्या. मिक्सर चालूच होता...

...आणि काकींनी दोन्ही हात वर धरले होते.



"तुम्हालाही ऐकू आलं?" मी हळूच विचारलं.

काकींनी मिक्सर बंद केला. "आजचं नाही रे ते. शंतनुला सांगत नाही मी. हसतो."

काकींनी पदराला हात पुसले.

"स्वप्नील, त्या दिवशी मी दारातच उभी होते. शंतनु कडेवर होता. 'लावतो रे' म्हणाले नव्हते ते. मी कान देऊन होते. मग मेन लावला कुणी?"

त्या माझ्याकडेच बघत होत्या. काही माहीत होतं म्हणून नव्हे. समोर मी होतो म्हणून.

"काकी, जुनं वायरिंग ते," मी म्हटलं. "काहीही होऊ शकतं."

तिकडे पीसी परत चालू होत होता. माझं वाक्य संपलं आणि तो पुन्हा बंद पडला.

पीसी मी दुकानात घेऊन आलो. चार दिवस तोच गेम लावून ठेवला. एकदाही बंद पडला नाही. आमच्या धंद्यात असं होतं, गिऱ्हाईकाकडे रडणारं मशीन दुकानात गुणी बाळ होतं. तशी मी स्वतःची समजूत घातली आणि पीसी परत पाठवून दिला.

दुसऱ्या दिवसापासून माझा स्वतःचा कम्प्युटर रीस्टार्ट व्हायला लागला.

मी गेम खेळत नाही. मी ही गोष्ट लिहीत होतो. पहिल्यांदा लिहिलं, 'काकांनी चुकून मेन लावला.' कम्प्युटर बंद. दुसऱ्यांदा लिहिलं, 'मेन कुणी लावला ते कळलं नाही.' बंद.

म्हणून मोबाईल. म्हणून आता खरं लिहितो.

मेन मी लावला.

अकरा वर्षांचा होतो. टीव्हीवर मॅच होती, शेवटच्या ओव्हर्स. काकांचं काम चालू होतं, म्हणून तासभर लाईट नव्हती. मला दम निघेना. जिन्याखाली गेलो, स्टुलावर चढलो आणि खटका वर केला. काकांनी हाक दिली नव्हती. मला ते माहीत होतं. घरी पळालो, टीव्ही लागला, मी आनंदाने ओरडलो... आणि पॅसेजमध्ये शिडी पडल्याचा आवाज आला.

मला कुणी पाहिलं नाही. मी कुणाला सांगितलं नाही. लोक काकांना निष्काळजी म्हणत राहिले आणि मी ऐकत राहिलो. मला लाज वाटते.

वरचं लिहून होतंय तोच शंतनुचा फोन आला.

"दादा, पीसी मस्त चाललाय! सहा तास झाले. आणि ऐक, आई विचारतेय, तू येतोयस ना? काहीतरी सांगायचं होतं म्हणे तुला."

मी काकींना तसं काहीच बोललो नव्हतो.

"उद्या येतो," मी म्हटलं. फोन ठेवला.

तेवढ्यात माझ्या दारामागच्या बोर्डावर...

टक. टक. टक.

पंखा थांबला. दिवे गेले. तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. समोरच्या बिल्डिंगमध्ये लाईट आहे, शेजारी टीव्ही चालू आहे. फक्त माझ्याच घरात अंधार आहे. टॉर्च मारून बघितलं. मेनचा खटका खाली पडलाय. बाकी काही नाही. एका बोटाचं काम आहे.

मी हात लावलेला नाही.

पाऊण तास झाला. मोबाईलची बॅटरी नऊ टक्के. घामाने भिजलोय. कान दाराकडे लावून बसलोय...

"लावतो रे" अजून ऐकू आलेलं नाही.