नवरीच्या वाटीतली हळद

चेतनने हर्षाला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्याचा रक्ताळलेला हात नवरीच्या हळदीच्या वाटीत होता.

पाचपावलीत मामांकडे मामेबहीण भारतीचं लग्न होतं. सकाळपासून मांडवात पुरुषमंडळी वांगी चिरत होती. बँकेच्या खुर्चीशिवाय कधी कशावर न बसलेला चेतन उगाच म्हणाला होता, "पावशी द्या इकडे, मले येते." आणि पावशीचं, म्हणजे विळीचं, पातं वांग्यातून निघून थेट अंगठ्याखालच्या मांसात शिरलं. ओरडायची लाज वाटली. हात रुमालात गुंडाळून तो गुपचूप आतल्या खोलीत आला. हळद दाबली की रक्त थांबतं, एवढंच त्याला माहीत होतं. समोरच ताटात वाटी होती...

"ती नवरीची हळद आहे जी."

दारात भारतीची मैत्रीण हर्षा उभी होती. केसांत मोगरा, भुवया वर.

"थोडीशीच घेतली..."

"नवरदेवाच्या आधी? एवढी घाई झाली तुमाले?"

चेतनचे कान तापले. त्याने हात पाठीमागे नेला. तिचं हसू मावळलं.

"दाखवा."

"खरचटलं फक्त."

"मग वाटी लाल काहून झाली?"

तिने त्याचा हात ओढून मोरीतल्या नळाखाली धरला. भारती सांगायची ती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची मैत्रीण हीच, हे त्याला तिच्या बोटांवरून कळलं – घाई नव्हती त्यांना. हळद धुऊन निघाली, तशी जखम उघडली. तिने स्वच्छ कापड त्यावर घट्ट दाबून धरलं. बराच वेळ. चेतन तिच्या मोगऱ्याकडे पाहत राहिला, मग लाजून नळाकडे.

"अंगठा वाकवा. हं... इथे हात लावला तर समजते?"

"समजते." जरा जास्तच समजत होतं.

तिने कापड उचललं. रक्त पुन्हा वर आलं.

"इतकं दाबूनही थांबत नाही, कडा मिटत नाहीत. टाके लागतील. आत्ताच."

"मागच्या दाराने जाऊ?"

"मागे दार नाही. अन् हात छातीच्या वर धरा. मी सांगेपर्यंत खाली घ्यायचा नाही."

म्हणजे भरल्या मांडवातून, हात वर करून! चेतन उंबऱ्यात थबकला. बाहेर पाटावर भारती बसलेली, भोवती बायका. आणि वाटी? ती आणायला आता कोणीतरी येणारच...

"वाटीचं मी सांगू का?" हर्षाने हळूच विचारलं.

"नको. मीच सांगतो."

तो मांडवात गेला. "भारती... तुझी हळद मी बाटवली गं. हात कापला, अन् वाटीत घातला."

मग बाबनराव मामा गरजले, "पावशी येते म्हणे! वांगे कापाले बसला होता का हात कापाले, गा?" सगळा मांडव हसला. भारती तर पाटावरून पडायचीच बाकी होती.

हर्षाची स्कूटी. मागे तो, हात वर. चौकातल्या पानवाल्याने ओळखीचं समजून हात केला. सिग्नलवर एका आजोबांनी नमस्कार केला.

"इलेक्शनला उभे राहिले का हो?" हर्षा पुढूनच म्हणाली. चेतनला जमिनीत शिरावंसं वाटलं. पण स्कूटीवरून उतरावंसं वाटेना.

दवाखान्यात सुई पाहून त्याने डोळे मिटले. "मले भीती वाटते सुईची," तो पुटपुटला. आज आणखी काय लपवायचं राहिलं होतं!

"माझ्याकडे पाहा मग," ती म्हणाली.

त्याने पाहिलं... धनुर्वाताचं इंजेक्शन कधी दिलं, तेही कळलं नाही.

परतले तेव्हा सखूबाई मावशींनी नवी हळद कालवली होती. चेतन पट्टी बांधलेला हात वर धरून मांडवाच्या खांबाशी उभा राहिला. हर्षा भारतीला लावून उरलेल्या हळदीची वाटी घेऊन आली.

"आता खाली घेऊ?"

"थांबा." तिने बोट वाटीत बुडवलं आणि त्याच्या गालावर हळद ओढली. "ही जखमेत नाही भरत. इथे लावतात..."

"अन् ज्याले लागते, त्याचं लग्न...?"

"सुईले भिणाऱ्याचंही ठरते म्हणे," ती म्हणाली, आणि या वेळी कान तिचे लाल झाले.