मक्याच्या डोक्यावरची दोन टिंबं

सायली दारातून बाहेर पडायला आणि सोमनाथ आत घुसायला एकच गाठ पडली! तिच्या हातातली फ्रेंचची पुस्तकं धडाधड जिन्यावर.

"सॉरी मॅडम! पिंपळगावहून आलोय... द्राक्षाच्या कामाला फ्रान्सला जायचंय. भाषा इथंच शिकवत्यात ना?"

गंगापूर रोडच्या त्या क्लासमध्ये सायली तोंडी सराव घ्यायची. तिनं फॉर्मवर 'तयार' लिहून सही केली, की मगच परीक्षेला बसता यायचं.

सोमनाथ तसा हुशार, पण मक्याच्या फ्रेंच शब्दापाशी त्याची गाडी हमखास अडायची.

"'मे' नाही हो, 'मा-ईस'! अक्षरावर दोन टिंबं आहेत ना? म्हणजे शेजारच्या स्वरात मिसळायचं नाही. 'आई' म्हणताना कसा आ वेगळा, ई वेगळी... तसं."

"टिंबं व्हय? मला वाटलं, मच्छर बसलेत!"

"मच्छर तुमच्या डोक्यात बसलेत."

"डोक्यात दुसरंच कुणीतरी बसलंय... नाय, काय नाय. परत सांगा."

बाई गं, काय ते पाच महिने! सरावाच्या दिवशी सायली तीनतीनदा ओढणी बदलायची आणि देवाला विनवायची, याला हा शब्द कधीच न येवो.

शेवटच्या सरावाला सोमनाथनं टिंबांचे सगळे शब्द चुकवले. एकूण एक! सायलीचं पेन थबकलं. सही नाही केली तर हा अजून सहा महिने इथंच... पण त्याच्या आबांनी पोरगा फ्रान्सला चालला म्हणून गावभर सांगितलेलं. आपल्या सुखासाठी त्याच्या वाटेत का आडवं यायचं? तिनं काळजावर दगड ठेवून 'तयार' लिहिलं. सोमनाथ सहीकडे बघत राहिला आणि फॉर्म उचलून निघून गेला.

दोन महिन्यांनी तो पेढे घेऊन आला.

"व्हिसा आला?"

"आला. पण पेढे साखरपुड्याचे हायेत. निकिता... आबांच्या मित्राची मुलगी."

सायली हसली. कशी हसली, तिचं तिलाच ठाऊक.

"मॅडम, तो शब्द मला पहिल्याच आठवड्यात आला होता. त्या दिवशी मुद्दाम चुकलो. म्हटलं, तुम्ही सही अडवाल... थांब म्हणाल. तुम्ही तर करून टाकली! मग घरी हो म्हणालो."

"मला वाटलं, तुम्हाला जायचंय—"

"मला वाटलं, तुम्हाला मी नकोय."

बैल गेला नि झोपा केला! आता बोलून काय उपयोग होता?

"निकिताला माझ्याकडून..." सायलीला हुंदका आवरेना. "नको. काही सांगू नका तिला."