डाव्या कोपराखाली

कॉलेजच्या लॅबमध्ये दुपारचं ऊन आलं होतं आणि इंदूबाई पातळ वर खोचून उभ्या होत्या. नातीनं, दीक्षानं, त्यांच्या हातापायांवर चमकत्या गोळ्या चिकटवल्या होत्या. इंदूबाई चालल्या की पडद्यावर एक सांगाडा चाले. हाडांवर लाल दोऱ्यांसारखे स्नायू ताणले जात. गुडघ्याच्या ऑपरेशनआधी कुठल्या स्नायूवर किती भार येतो, ते दीक्षाला कॉम्प्युटरवर पाहायचं होतं. ऑपरेशनला मात्र इंदूबाई वर्षभर नाहीच म्हणत होत्या.

"हाडकं तं माहीच दिसते," त्या हसल्या. "जाड तेवढी वाटत नाही."

हिशेब जुळेना. उभ्या राहिल्या की जमिनीत बसवलेली पाटी वजन बरोबर दाखवी. चालू लागल्या की कमी. दीक्षा स्वतः चालून आली. पाटी ठीक होती. शेवटी उरलेला भार कोण उचलतंय, हे तिनं कॉम्प्युटरलाच शोधायला लावलं. त्यानं डाव्या कोपराखाली एक बाण काढला, वर जाणारा.

"आजी, तुले कोणी धरून तं नाही राहिलं ना वं?" दीक्षानं थट्टेत विचारलं.

इंदूबाई हसल्या नाहीत. दीक्षाभूमीच्या गर्दीतून त्यांचे यजमान गोविंदा त्यांना असंच सांभाळून नेत. चारचौघांत बायकोचा हात धरायची लाज, म्हणून कोपर धरत. पुढं रस्ता मोकळा असला तरी कोपरच. त्यांना जाऊन आता किती वर्षं झाली. पाय धड झाले तर ते कोपर सोडतील, एवढीच इंदूबाईंना धास्ती होती. आज पहिल्यांदा त्यांनी ती हळूच नातीला सांगितली.

दीक्षानं त्यांना पुन्हा चालायला लावलं. दर फेरीला बाण आखूड होत होता. थरथरत होता.

इंदूबाई बराच वेळ त्याच्याकडं पाहत राहिल्या.

"थकले ते," त्या म्हणाल्या. "सांग डॉक्टरले, करून टाका म्हणा."

उन्हाळ्यात ऑपरेशन झालं. दिवाळीनंतर त्या काठीशिवाय लॅबमध्ये आल्या. पाऊल सरळ पडत होतं.

चालताना पाटीनं वजन जास्त दाखवलं.

बाण कोपराशीच होता. आता त्याचं टोक खाली होतं.

दीक्षानं आणखी एक फेरी मारायला सांगितलं. इंदूबाई कोपर जरा बाहेर काढून भिंतीशी थांबल्या होत्या.

"थांब वं जराशी," त्या म्हणाल्या. "त्यायले दम लागला."