बीजगणिताच्या वर्गाचं दार

हे वाचून कोणी म्हणेल, बाई जरा जास्तच घाबरट आहे.

आहेच मी. माझा नवरा गॅरेट दिवसातून एकदा तरी हे म्हणतो. पण घाबरट असणं वेगळं आणि खोटं बोलणं वेगळं. पुढे जे लिहिलंय त्यात पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही.

उत्तर मिनेसोटातलं आमचं गाव. गावातलं एकुलतं एक हायस्कूल. दोन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरातली गुरुवारची संध्याकाळ.

माझी मुलगी मारित तेव्हा नुकतीच नववीत गेली होती. ती झाली तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, त्यामुळे शाळेत बरेच जण मला तिची मोठी बहीणच समजतात. मारितला लहानपणापासून दमा आहे. तिचा श्वास कसा चाललाय हे मला भिंतीपलीकडून कळतं.

त्या संध्याकाळी पालकांनी शाळेत जायचं होतं. मुलांचं वेळापत्रक हातात घ्यायचं, घंटा झाली की वर्ग बदलायचा, आपल्या मुलाच्या जागेवर बसून शिक्षकांचं ऐकायचं.

बीजगणिताच्या वर्गात मारितची जागा दाराला लागून होती.

मिसेस हाल्वरसन पन्नाशीच्या. चष्मा केसांत खोचलेला. आवाज मऊ, नियम मात्र कडक.

"पेन चालणार नाही, पेन्सिलच. पायऱ्या दाखवल्या नाहीत तर नुसत्या उत्तराला गुण नाहीत. गृहपाठ उशिरा आला तरी घेईन, पण त्या धड्याची चाचणी होईपर्यंतच. फोन या कापडी कप्प्यांत. दप्तरं मागच्या मांडणीवर."

"मॅडम, माझं पोरगं उत्तर शेजाऱ्याचं बघून लिहितं," माझ्या मागून डेल म्हणाला. डेल हिवाळ्यात गावच्या रस्त्यांवरचा बर्फ काढतो. "ते पायऱ्या कुठून आणणार?"

"मग पायऱ्याही बघून लिहू दे. तेवढं तरी शिकेल."

सगळे हसले. मी हात वर केला. शाळकरी मुलीसारखा.

"मारितचा इनहेलर दप्तरात असतो."

"तो तिच्या बाकावर राहील. मी असताना त्याची काळजी नको."

मी असताना. तेव्हा ते मला खटकलं नाही.

"आणि शेवटचं," त्या म्हणाल्या. "तास चालू असताना हे दार लावायचं नाही. कोणी उशिरा आलं तर न विचारता आत यायचं आणि बसायचं. मी रागावणार नाही, गुणही कापणार नाही."

हे ऐकून आम्ही पालक एकमेकांकडे बघायला लागलो. हल्ली आमच्याकडे तास सुरू झाला की वर्गाला आतून कुलूप लागतं. शाळांमधल्या गोळीबाराच्या बातम्या ऐकल्यावर का, ते आम्हाला कोणी सांगायला लागत नाही.

तेवढ्यात बाहेर शाळेच्या बँडचा सराव सुरू झाला. ढोल थेट कानात. मॅडमचं बोलणंच ऐकू येईना. डेल उठला आणि त्याने दार लोटून दिलं.

"नको..." मॅडम म्हणाल्या.

पण दार लागलं होतं.

ढोल दूर गेल्यासारखे झाले.

आणि मग...

ठक. ठक. ठक.

"या, या!" डेल ओरडला. "गाडी लावायला जागा मिळाली वाटतं!"

लोक हसले. आत कोणी आलं नाही.

पुन्हा...

ठक. ठक.

या वेळी माझ्या लक्षात आलं. मी दाराशेजारीच बसले होते. आवाज हाताच्या उंचीवरून येत नव्हता. माझ्या गुडघ्यापाशी येत होता.

मग त्याच्याही खाली.

जणू ठोकणारा माणूस हळूहळू खाली बसत होता.

मी दाराच्या काचेतून पाहिलं. बाहेर कॉरिडॉर... रिकामा.

मिसेस हाल्वरसन आल्या. चेहरा पांढराफटक. त्यांनी दार उघडलं. बाहेर पाहिलंसुद्धा नाही. दार धरून त्या जरा बाजूला झाल्या. कोणाला आत यायला वाट देतो ना आपण, तशा.

मग दाराखाली लाकडाची पाचर सरकवली आणि म्हणाल्या, "तर... चाचण्यांबद्दल बोलू."

माझ्या शेजारून काही गेलं, असं मी म्हणणार नाही.

पण मी पाय आत ओढून घेतले. का घेतले, ते आजही सांगता येत नाही.

बाहेर गाड्यांपाशी डेल सिगारेट हातात धरून उभा होता. पेटवली नव्हती.

"माझी थोरली त्याच वर्गात होती," तो म्हणाला. "घरी येऊन सांगायची, मॅडम दार उघडंच ठेवतात, लागलं तर ठकठक होते. मी म्हणायचो, गणित येत नाही म्हणून भुताच्या गोष्टी सांगतेस होय?"

"कोण ठोकतं ते, डेल?"

"कोल्बी नावाचा मुलगा. त्याच वर्षी हाल्वरसन बाई यायच्या आधी तिथे एक मास्तर होते. घंटा झाली की दार बंद. उशीर झाला तर तास संपेपर्यंत बाहेर उभं राहायचं. सगळ्यांना ठाऊक होतं. घरोघरच्या आईबापांनी नियमांखाली सह्या केल्या होत्या. मीही केली होती. त्या दिवशी बस उशिरा आली आणि तो पोरगा थंडीत पळत आला. दार ठोकलं. मास्तर म्हणाले, नियम म्हणजे नियम. मुलं हसली. माझीही हसली. त्याने पुन्हा ठोकलं. मग आवाज खाली खाली येत गेला, तेव्हा तर मुलं आणखी हसली. म्हणाली, नाटकं करतोय."

"आणि?"

"आणि घंटा झाल्यावर दार उघडलं." त्याने सिगारेट खिशात टाकली. "पुढचं राहू दे. तुझ्या पोरीलाही तेच दुखणं आहे."

दुसऱ्या दिवशी मी शाळेत जाऊन वर्ग बदलून मागितला. त्या तासाला बीजगणिताचा दुसरा वर्गच नव्हता. गॅरेट म्हणाला, "उघड्या दाराची कसली तक्रार करतेस तू?"

मारित तर चिडलीच.

"आई, प्लीज! एवढ्या चांगल्या मॅडम मला कधी मिळाल्या नाहीत. दार उघडं असलं की काही होत नाही."

"आणि लागलं तर?"

"चुकून लागतं कधी. मग मॅडम उघडतात. त्या नसल्या तर गप्प बसायचं. आपण उघडायचं नाही. थोड्या वेळाने थांबतं."

"भीती नाही वाटत तुला?"

"पहिल्यांदा वाटली." तिने खांदे उडवले. "आता सवय झाली सगळ्यांना."

त्या रात्री मला झोप लागली नाही ती या शब्दामुळे. सवय.

तरी मॅडमच्या नियमांच्या कागदावर मी सही केली.

डिसेंबरात मिसेस हाल्वरसन ऑपरेशनसाठी रजेवर गेल्या. बदली शिक्षक आले, मिस्टर प्रूइट. निवृत्त, भला माणूस. शाळेने सांगितलं तसं करणारा. त्या दिवशी चाचणी होती. बाकावर पेन्सिल सोडून काही ठेवायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. मारितने इनहेलर दप्तरात टाकला. दप्तर मागच्या मांडणीवर.

मध्येच तिला खोकला आला. पाणी प्यायला जाऊ का, म्हणून विचारून ती बाहेर गेली.

तिच्या मागे मिस्टर प्रूइटनी दार लावून घेतलं. नियमाप्रमाणे. कुलूपसुद्धा.

मला फोन आला तेव्हा मी कामावर होते. शाळेच्या नर्सच्या खोलीत पोचले तर मारितच्या तोंडावर मास्क होता. ओठ निळसर. पण छाती हलत होती... हलत होती.

दाराशी तिची मैत्रीण टेसा रडत उभी होती.

"काकू, आम्हाला वाटलं तोच आहे!"

"कोण तोच? नीट सांग."

"ठकठक झाली. प्रूइट सर उठायला लागले. आम्हीच म्हणालो, सर, बसा, तिथे कोणी नसतं. ते म्हणाले, अरे, ती मुलगी बाहेर गेलीय ना? तर आम्ही म्हटलं, नाही सर, आवाज बघा ना, खालून येतोय. ती असती तर वरून आला असता." टेसाला हुंदका आवरेना. "मग तो थांबला. नेहमी थांबतो तसाच थांबला, काकू."

घंटा झाली. दार उघडलं. दाराला टेकून बसलेली माझी मुलगी आत कोसळली.

तिच्या मुठीत इनहेलर होता.

मी हे दोनदा विचारलं. तीनदा विचारलं. दप्तर टेसानेच आणून दिलं होतं. मांडणीवरून, चेन लावलेलं. चाचणी संपेपर्यंत कोणी जागेवरून हललं नव्हतं, आणि दार एकदाही उघडलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, इनहेलर हातात होता म्हणून वाचली.

गॅरेट म्हणतो, खिशात राहिला असेल. असेल.

घरी आल्यावर दोन दिवसांनी मी तिच्या पलंगावर बसले.

"मारित, इनहेलर कुठून आला गं?"

"त्याने दिला."

"कोणी?"

ती माझ्याकडे बघेना. "मी ठोकत होते तेव्हा तो शेजारी बसला होता. म्हणाला, ठोकू नकोस. ते उघडत नाहीत."

पुढे मी काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं का? कोणाला माहीत असेल तर सांगा.

त्या मुलाने माझी मुलगी वाचवली. मी त्याचे उपकार मानायला हवेत. मी प्रयत्न करते.

पण तेव्हापासून मारित कुठलंच दार ठोकत नाही. बाथरूमचं नाही, आमच्या खोलीचं नाही. घंटीही वाजवत नाही. नुसती बाहेर उभी राहते. पहाटे मी खोलीचं दार उघडते तर ही समोर, अनवाणी. "कधीची उभी आहेस गं?" तर म्हणते, "उघडशीलच ना कधीतरी."

गेल्या रविवारी ती शेजारच्या कुत्र्याला फिरवायला गेली होती. बराच वेळ झाला. बाहेर असा गारठा, की पापण्या चिकटाव्यात. मी घाबरून मागचं दार उघडलं.

कुत्र्याला त्याच्या घरी सोडून ती एकटीच पायरीवर बसली होती. टोपीवर, खांद्यांवर बर्फ साचलेला.

"अगं वेडे! दार नुसतं लोटलेलं होतं! आत का नाही आलीस?"

तिने मान वर केली. चेहरा अगदी शांत.

"आम्ही दोघं थांबलो होतो," ती म्हणाली.

आणि उठून माझ्या शेजारून आत गेली.

मी दार धरून उभी राहिले. गार वारा घरात शिरत होता. आतून गॅरेट ओरडत होता, "अगं, दार लाव की!"

लावायचं होतं मला.

पण कधी लावायचं, तेच कळेना.