डाव्या चाकाची पिन

रविवारी सकाळी सव्वाअकरा वाजता औरंगपुऱ्यात, ऐन बाजाराच्या वळणावर, फिकट निळ्या रंगाची एक जुनी फियाट अडकली. स्टिअरिंग निम्मं वळलं आणि पुढं हलेना. मागं रिक्षांची रांग लागली. गाडी चालवत होती रत्नमाला. शेजारी तिचे वडील, निवृत्त शिक्षक कचरू सर, खिडकीतून हात काढून लोकांना शांत बसवत होते, जसे वर्गाला बसवायचे.

गर्दीतून एक जण पुढं आला. हातातला बेअरिंगचा खोका त्यानं गाडीच्या टपावर ठेवला, वाकून डावं चाक दोन्ही हातांनी हलवून पाहिलं आणि म्हणाला, "किंगपिन जाम झाली. ढकलूनच कडेला घ्यावी लागंल."

रिक्षावाल्यांना हाक मारून त्यानं गाडी कडेला लावलीसुद्धा. सरांनी त्याला आवाजावरून ओळखलं.

"अतुल ना रे तू? बिडकीनच्या शाळेतला?"

"व्हय सर."

"म्हणजे अजून ढकलतोच आहेस."

अतुल हसला. रत्नमालानं तेव्हा त्याच्याकडे नीट पाहिलं.

बिडकीनच्या शाळेत सर शिकवत होते, त्या काळात ही गाडी संध्याकाळी कधीच एकदम सुरू होत नसे. पाचवी-सहावीची पोरं ती फाटकापर्यंत ढकलत नेत. दुसरीतली रत्नमाला मागच्या सीटवर गुडघे टेकून काचेतून त्यांचे घामेजलेले चेहरे बघायची. इंजिन धरलं की बाकीची पोरं थांबत. एक जण मात्र धुराच्या मागं तसाच पळत राहायचा… रस्ता वळेपर्यंत.

ते दिवस या गाडीचे होते. बुद्धपौर्णिमेला लेण्यांकडं जाताना मागं सहा-सात मुलं कोंबलेली असत. चौदा एप्रिलला दोन्ही आरशांना निळे झेंडे बांधून ती क्रांती चौकाकडं निघे. तापलेल्या रेक्झिनच्या वासात आई, भामाबाई, डब्यातल्या पुऱ्या वाटायची. मग मुलं मोठी झाली, सरांचे डोळे अधू झाले, आणि गाडीला ग्रीस द्यायचं कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही.

गाडी टेम्पोवर चढवून बिडकीनला अतुलच्या गॅरेजात नेली. त्यानं चाक उतरवून अडचण दाखवली. ज्या उभ्या पिनेवर पुढचं चाक वळतं, ती गंजून आपल्या घरात घट्ट बसली होती. कापून काढली तर भोवतीचा सांधा जाईल. तसा सांधा आता सहजासहजी मिळत नाही, आणि तो मिळाला नाही तर गाडी भंगारात. पिन अख्खी काढायची तर वेळ लागणार होता.

वेळच तर नव्हता. रत्नमाला शेंद्र्याच्या एका कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासायची. कंपनी तिला तामिळनाडूतल्या होसूरच्या नव्या कारखान्यात पाठवू पाहत होती, निदान तीन वर्षांसाठी. होकार की नकार, ते महिनाअखेरच्या शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. होकार तिनं मनातल्या मनात देऊन टाकला होता. जाण्याआधी गाडी चालती झालेली बघायची, एवढंच उरलं होतं.

म्हणून ती ड्युटी सुटली की काम बघायला जाऊ लागली. शेंद्र्याहून घरी जाताना बिडकीन वाटेत लागत नाही. ते पार दुसऱ्या टोकाला आहे. घरात हे कुणी बोललं नाही.

अतुल पिनेवर रॉकेल आणि तेल सोडायचा, भोवतीचं लोखंड गॅसनं तापवायचा, निवू द्यायचा. मग पितळी गज टेकवून हातोडा. पलीकडून कुणीतरी जड घण दाबून धरावा लागे, नाहीतर घावाचा जोर सांध्यात वायाच जाई. एका संध्याकाळी गॅरेजातले दोन्ही मिस्त्री एका ट्रॉलीच्या स्प्रिंगचे तुटलेले पाटे बदलण्यात गुंतले होते. रत्नमालानं ओढणी कमरेला खोचली आणि घण उचलला.

"हात हलला तर बोटं सापडतील," अतुल म्हणाला.

"रोज मायक्रोमीटर धरते. माझा हात हलत नाही."

"बघू."

हात हलला नाही. घाव बसायचा, लोखंडातून झिणझिणी तिच्या कोपरापर्यंत यायची. दोन घावांच्या मध्ये तो मान वर करून बघायचा—पिनेकडं नव्हे. तापलेल्या तेलाचा वास केसांत घेऊन ती घरी जायची आणि सकाळी केस धुवायचा कंटाळा करायची.

बोलणं बहुतेक जुन्या दिवसांचंच होई. शाळेमागची चिंच गेली, तिथं रुंद रस्ता आला, हे त्यानं सांगितलं. धुरामागं कोण पळायचं, हे तिनं विचारलं.

"मीच. तुम्ही काचेतून जीभ दाखवायच्या."

"मी? शक्यच नाही."

"रोज. नेमानं."

आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली होती. गॅरेजातले सगळे तिला ताई म्हणायचे. चहावाला, मिस्त्री, ट्रॅक्टर घेऊन आलेले शेतकरीसुद्धा. अतुल मात्र काहीच म्हणायचा नाही. हाक मारायची वेळ आली की खोकायचा, नाहीतर पाना आपटायचा. हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. ड्युटीवर एकदा आठवून तिला एकटीलाच हसू आलं, एवढंच.

पिन मात्र हलायला तयार नव्हती. आज थोडी सरकल्यासारखी वाटली, पण नाय… असं तो रोज सांगायचा.

मग एका सोमवारी ती पोहोचली तेव्हा अतुल बाहेर फोनवर होता. ती चाकापाशी बसली. सवयीनं बोट फिरवलं. पिनेच्या कडेला गंज नव्हता, नव्या तेलाची पातळ फिल्म होती. अंगठ्यानं नुसतं रेटलं आणि पिन अलगद सरकून तिच्या तळहातावर आली. अख्खी, स्वच्छ, पॉलिश पेपरनं घासलेली.

बाहेर अतुलचा आवाज थांबला. रत्नमालानं पिन होती तशी आत बसवली आणि हात ओढणीला पुसले.

"आज काही…?" तिनं विचारलं.

"नाय. लई जाम आहे."

"मग उद्या येते."

"या की."

दुसऱ्या दिवशी ती आली. घण उचलला, पण लावला नाही.

"पिन निघालीय," ती म्हणाली.

अतुलनं हातोडा खाली ठेवला. बोटांवरचं काळं तेल चिंधीनं पुसलं.

"कधी कळलं?"

"काल. हातात घेऊन पाहिली."

"मग काल बोलला नाहीत."

"तुम्ही तरी कुठं बोललात?"

तो खाली बसला, चाकाला पाठ टेकून. ती थोडं अंतर ठेवून बसली. गाडी तयार झाली की ती जाणार, हे सरांनी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पिन हाताला आली त्या दिवशी मिस्त्री टाळ्या वाजवणार होते, त्यानं त्यांना गप्प केलं होतं. हे सगळं त्यानं न अडखळता सांगितलं. अडखळला तो पुढं.

"जाऊ नका असं मी नाय म्हणणार. चांगली नोकरी आहे. पण… तुम्ही गेल्यावर मी इथं रोज संध्याकाळी रस्त्याकडं बघणार. ते तुम्हाला म्हायती असावं. रत्नमाला."

नाव घेताना त्याचा आवाज उतरला. ती जमिनीवरच्या तेलाच्या डागाकडं पाहत होती.

"होसूरला गॅरेजं असतील ना?" तिनं विचारलं.

"असतील की. पाटे तिथंबी तुटतात. पण माझी आई इथं आहे."

"माझीही."

दोघंही हसले नाहीत. तिनं घण जागेवर ठेवला आणि निघताना त्याच्या खांद्यावर हात टेकवला, उठायला आधार घ्यावा तसा. आधाराची गरज नव्हती.

बुधवारी तीच घासलेली पिन नव्या पितळी बुशांत बसली. दुपारी कचरू सर गाडी घ्यायला आले. काम नीट झालंय का बघायचं म्हणून चालवायला अतुल, शेजारी सर, मागं अर्धी रजा टाकून आलेली रत्नमाला. पैठण रोडवर ते एक चक्कर मारून आले. स्टिअरिंग एका बोटानं वळत होतं. गॅरेजात परतल्यावर सर उतरले, गाडीभोवती फिरले आणि म्हणाले, की उजव्या बाजूनं आवाज येतोय.

अतुलनं कान दिला होता. आवाज नव्हता. रत्नमालानंही ऐकला नव्हता.

"उजवी बाजू खोलून बघ," सर म्हणाले. "घाई करू नकोस."

मग ते एकटेच बसनं घरी गेले.

संध्याकाळी सहाला उजवं चाक उतरवलेलं होतं. पिन हातानं फिरत होती. रत्नमाला पलीकडं बसली होती. कंपनीला परवा, शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. बुधवारी संध्याकाळपर्यंत तिनं काहीही कळवलेलं नव्हतं.