यंत्र चालू आहे

कर्करोग विभागाच्या पाचव्या मजल्यावर मोबाईल चार्जिंगला लावून मी जेमतेम टेकले होते, तोच एका माणसाने तो काढला. अगदी शांतपणे, घरातला दिवा मालवावा तसा.

"अहो!" मी उठलेच. "चार टक्के बॅटरी आहे. मला मुलाखत रेकॉर्ड करायचीय!"

"हा सॉकेट सलाईनच्या पंपाचा आहे," तो म्हणाला.

त्याच्या मागे एक आजी पंपाचा स्टँड धरून उभ्या होत्या. त्याने पंपाची पिन लावली, माझी वायर नीट गुंडाळून माझ्या हातात दिली आणि चालता झाला. मी आजींची माफी मागितली.

"माफी कसली? भांडा की," आजी खुर्चीत बसत म्हणाल्या. "इथे तेवढीच करमणूक."

शेवटी नर्सच्या टेबलावर मोबाईल चार्ज झाला. विभागप्रमुखांनी मला सात मिनिटं दिली, त्यातली तीन फोनवर गेली. उठताना ते म्हणाले, "आकडे विचारायचे असतील तर आमच्या आकडेवाल्यांना विचारा. तिसरा दरवाजा."

तिसऱ्या दरवाजाआड तोच माणूस होता.

मला परत फिरणं शक्य नव्हतं. चार वर्षं दुसऱ्यांच्या पत्रकार परिषदांच्या बातम्या दिल्यावर पहिल्यांदाच माझ्या नावाने मालिका लागणार होती. तीन बुधवार, तीन संवाद: नव्या औषधाची चाचणी, कर्करोगाचे उपचार, आणि साथीच्या काळातली धोरणं. हा माणूस औषधाच्या चाचणीचे आकडे तपासत होता, आणि साथीच्या वेळी सल्लागार समितीवरही होता. म्हणजे मालिकेचा कणाच तो.

मी आमच्या वर्तमानपत्राचा फॉर्म पुढे केला. प्रत्येक मुलाखतीसाठी तो तज्ज्ञाकडून भरून घ्यावाच लागतो. औषध कंपनीकडून मानधन घेता का? नाही. मुलाखत घेणाऱ्याशी आपले काही हितसंबंध आहेत का?

तिथे त्याचं पेन थांबलं. "सॉकेटवरून झालेलं भांडण धरायचं का?"

"नाही धरत."

"मग नाही," असं म्हणून त्याने खूण केली.

आमच्यामध्ये भलंमोठं टेबल होतं. शिवाय त्याने खुर्ची पार भिंतीला टेकवली होती. मी मोबाईल टेबलाच्या मधोमध ठेवला.

"तर या गोळीने कर्करोग बरा होतो?"

"या चाचणीत दर तिघांपैकी एकाची गाठ लहान झाली. लहान झाली म्हणालो, बरी झाली म्हणालो नाही. किती काळ लहान राहील, तेही अजून माहीत नाही."

"एका वाक्यात सांगा ना."

"एका वाक्यात मावत नाही."

"माझ्या मथळ्यात सहाच शब्द मावतात."

"मग मथळा मोठा करा."

"'चमत्कार' चालेल?"

त्याने दरवाजाकडे पाहिलं. "त्या आजी तुमचा पेपर वाचतात. 'चमत्कार' छापलंत तर उद्या त्या माझ्याकडे चमत्कार मागतील. माझ्याकडे फक्त आकडे आहेत हो."

मी 'तिघांपैकी एकाला दिलासा' असा मथळा लिहून त्याच्यासमोर धरला. तो हसला. हसताना आधी डोळे हसले, ओठ बऱ्याच उशिराने.

माझ्या मुलाखती आत्या टाइप करते. तिने कोर्टात लघुलेखक म्हणून तेहतीस वर्षं काढली. तिथे शब्द गाळणं हा गुन्हा, त्यामुळे ती खोकलासुद्धा कंसात लिहिते. मोबाईल असो की आणखी काही, तिच्या लेखी ते 'यंत्र'. तो मजकूर मी तज्ज्ञांकडे तपासायला पाठवते आणि मगच छापते. त्या दिवशीच्या मजकुरात एक ओळ होती: (चार सेकंद शांतता. यंत्र चालू आहे.)

"आत्या, शांतता कशाला लिहायची?"

"चार सेकंदांत माणूस बरंच बोलतो," ती म्हणाली. "लग्नाचा आहे का?"

"तो आकडेवाला आहे!"

"मी धंदा विचारला नाही."

दुसऱ्या सोमवारी त्याची खुर्ची भिंतीपासून सुटली होती. तिसऱ्या सोमवारी ती टेबलाच्या माझ्या बाजूला होती. मी पाहिलं, पण बातमीदार सगळंच विचारत नाही.

"साथीत दोन मीटर अंतर ठेवा म्हणालात. तो आकडा आला कुठून?"

"लोकांच्या लक्षात राहील असा आकडा हवा होता. खरं तर खोली केवढी, खिडकी उघडी आहे का, किती वेळ बसायचं... यावर सगळं अवलंबून. ते आम्ही लोकांना नीट सांगितलं नाही. ती आमची चूक."

"हे छापू?"

"छापा. पुढच्या वेळी उपयोगी पडेल."

कुठल्याही समितीतल्या माणसाने माझ्यासमोर आजवर चूक कबूल केली नव्हती. मला पुढचा प्रश्नच आठवेना.

"मग पहिल्या दिवशी तुम्ही एवढे लांब का बसला होतात?"

"तुम्ही रागावला होतात."

"आणि आज?"

"आज..." त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "धोरणाचा फेरविचार चालू आहे."

मग एकदम उठून तो कसला तरी तक्ता आणायला गेला. मला मोबाईलमध्ये स्वतःसाठी नोंदी बोलून ठेवायची सवय आहे. एरवी त्या शेवटी असतात आणि आत्या वेगळ्या पानावर टाइप करते. त्या दिवशी मी मध्येच बोलले.

"नोंद. चौकटीत अंतराचा तक्ता. फोटो खिडकीजवळचा. शर्टाचं तिसरं बटण निळ्या दोऱ्याने लावलंय, स्वतःच लावलेलं दिसतंय. हा माणूस मला आवडायला लागलाय. हे छापायचं नाही."

मंगळवारी सकाळी आत्याचा मजकूर आला तेव्हा मी एका पत्रकार परिषदेत होते. न उघडताच त्याच्याकडे पाठवून दिला. दुपारी बारा वाजता उघडला आणि पान नऊ वाचताच आत्याला फोन लावला.

"आत्या! तू हे टाइप केलंस?"

"तू बोललीस."

"'छापायचं नाही' असंही बोलले होते ना!"

"तेही टाइप केलंय. बघ, लगेच खाली आहे."

"अगं, मला एक फोन तरी करायचास!"

"कोर्टात मी कधी साक्षीदाराला फोन केला नाही."

एक वाजता त्याच्याकडून मजकूर परत आला, लाल दुरुस्त्यांसह. पान नऊवर दोन होत्या. पहिली: 'दोरा निळा नसून राखाडी आहे. बाकी निरीक्षण अचूक.' दुसरी, आवडण्याच्या वाक्यासमोर: 'ही नोंद एकाच बाजूची आहे. दुसऱ्या बाजूचीही घ्यावी.'

मी ते चार वेळा वाचलं. पाचव्यांदा वाचत होते, तोच फोन वाजला.

"तिसऱ्या मुलाखतीचा फॉर्म भरतोय," तो म्हणाला. "हितसंबंधांच्या प्रश्नावर अडलोय."

"तिथे 'नाही' लिहा!" माझा आवाज चढला. "'हो' लिहिलंत तर ही मुलाखत माझ्या नावाने छापता येणार नाही. उद्या पहिल्या पानावर आहे ती!"

"माहितीये. म्हणूनच विचारतोय. तुम्ही सांगाल तर 'नाही' लिहितो. पण मी खोटं लिहीत नाही. 'नाही' लिहिलं तर ते 'नाही'च राहील. पुढेही."

"हे ब्लॅकमेल आहे."

"ही पद्धत आहे," तो पडेल आवाजात म्हणाला. "मला अजिबात आवडलेली नाही."

पान संध्याकाळी पाच वाजता छपाईला जाणार होतं. मी कॅन्टीनमध्ये बसून कॉफी गार केली. माझ्या नावासाठी मी चार वर्षं वाट पाहिली होती. पण तिथे बसून आठवत होता तो वायर गुंडाळून देणारा हात. मला माझाच राग आला. दोन वाजता मी संपादकबाईंच्या केबिनमध्ये गेले आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मुलाखतीच्या आधी की नंतर?"

"मध्ये. ते तक्ता आणायला गेले होते तेव्हा."

"मूर्ख कुठली!" त्या म्हणाल्या. "पहिले दोन भाग सुटले, नशीब समज. तिसऱ्याचे प्रश्न दुसरं कोणीतरी नव्याने विचारील. आत्ता मोकळं कोण आहे?"

मोकळा होता क्रीडा प्रतिनिधी. त्याने अर्ध्या तासात फोनवर मुलाखत उरकली. बुधवारी पहिल्या पानावर त्याच्या नावाखाली मथळा होता: 'दोन मीटरचा सामना: समितीला चूक मान्य'. सहाच शब्द. चांगला मथळा होता, हे कबूल करायला मला दुपार झाली.

मग मी पाचव्या मजल्यावर गेले. पंपवाल्या आजी त्याच खुर्चीत पेपर वाचत होत्या.

"या अंकात तुझं नाव नाही गं."

"नाही."

"तो सकाळपासून तीनदा येऊन सॉकेट बघून गेला. सॉकेटला काही झालेलं नाही." त्यांनी पेपर डोळ्यांसमोर धरला. "मी वाचतेय हां."

चौथ्यांदा तो आला. मला पाहून थबकला आणि फॉर्म पुढे केला. हितसंबंधांसमोर त्याने लिहिलं होतं: 'मुलाखतीच्या वेळी सांगितले नव्हते. आता सांगतो: आहेत.'

मी मोबाईल बाहेर काढला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. "पुन्हा विचारते. एका वाक्यात सांगा. 'साधारणपणे' नको, 'अवलंबून आहे' नको."

ते रेकॉर्डिंग मी आत्याकडेच पाठवलं. ती कोणाला फोन करत नाही, म्हणून. संध्याकाळी मजकूर आला.

तो: तुम्ही मला आवडता.

ती: किती खात्रीने?

तो: पंच्याण्णव टक्के.

ती: आणि उरलेले पाच?

तो: तुमच्या आत्याबाईंना भेटल्यावर सांगतो.

(त्यांनी रविवारी यावे. – टंकलेखक)

आजी: आता काय, पुन्हा सॉकेट बघायला जाणार का?

(अकरा सेकंद शांतता. यंत्र चालू आहे.)